केशरी पोटाचा गाठोड्या

श्रीरंग सामंतला काय आवडतं, हे लग्नाला चोवीस वर्षं होऊनही विनिताला ठाऊक नव्हतं. काय आवडत नाही, तेही नव्हतं. पानात पडेल ते तो खाई. आणलेला शर्ट घाली. सोफा कुठल्या भिंतीला लावायचा, संकेतला कुठल्या शाळेत घालायचं, हॉलला पिस्ता रंग द्यायचा की मोतिया, कशावरही त्याचं उत्तर ठरलेलं असे, "चालेल." पिस्ता म्हटलं तरी चालेल आणि मोतिया म्हटलं तरी चालेल. शेजारणींना हे भाग्य वाटे. "तुझं बरं आहे गं, आमच्याकडे आमटीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवतात," असं त्या म्हणत आणि विनिता हसून विषय बदले. भिंतीवर चेंडू मारत राहावं आणि तो कधी परतच येऊ नये, असा संसार असतो हे त्यांना सांगून कळलं नसतं.

माणूस वाईट नव्हता. कामणच्या एका मोठ्या गोदामात तो सुपरवायझर होता. सकाळी स्कूटर काढायची, दिवसभर कंटेनर उतरवून घ्यायचे, संध्याकाळी अंगावर पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास घेऊन परत यायचं. गोदामातली पोरं त्याला मानायची, कारण तो ओरडत नसे. वडील मालवणकडचे, टपाल खात्यात. वसई गावात पारनाक्याजवळ दोन खोल्यांत पाच माणसं. अशा घरात काय मिळेल ते सांगतात, काय हवं ते कोणी विचारत नाही. श्रीरंगची थोरली बहीण आशालता तिथेच वाढली होती, पण तिला मात्र काय हवं ते चांगलं सांगता यायचं. दोन खोल्यांतलं सगळं मागणं बहुधा तिच्याच वाट्याला आलं असावं.

ऑगस्टमध्ये एकदा जेवताना संकेतने मोबाइलमधून मान वर काढली. तो कॉलेजात जाहिरातीचा कोर्स करत होता आणि त्याला घरातल्यांना काहीतरी विचारून यायचं होतं.

"बाबा, लहानपणीचं फेवरेट कार्टून कॅरेक्टर कुठलं तुझं?"

'काहीही लिही रे' हे उत्तर विनिताने मनातल्या मनात देऊनही टाकलं. श्रीरंगने घास गिळायचीही वाट पाहिली नाही.

"गाठोड्या."

"हे काय आता?"

"अरे, रविवारी सकाळी लागायचं. पाच मिनिटांचं. परदेशी होतं, नाव कुठल्या तरी अगम्य अक्षरांत यायचं. म्हणून नाव आम्हीच ठेवलं."

"प्राणी की माणूस?"

"प्राणी. अस्वल नाही, उंदीर नाही, मधलंच काहीतरी. पाठीवर गाठोडं. त्यात त्याचं अख्खं घर." श्रीरंगने उष्ट्या हातानेच हवेत गाठोडं काढून दाखवलं. "दर वेळी ते कुठेतरी सुटायचं. कधी पुलावर, कधी चिखलात, एकदा तर लग्नाच्या वरातीत. सगळं घरंगळायचं. किटली, चमचा, घड्याळ, एक बूट. लोक बघत उभे राहायचे, कोणी वाकायचं नाही. मग हा खाली बसायचा आणि एकेक वस्तू उचलायचा. पुसायचा. फुंकर मारायचा. आणि ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने परत ठेवायचा. रागवायचा नाही. रडायचा नाही."

"एवढंच? जोक काय मग?"

"जोक नाही. शेवटी गाठोडं बांधलं की एक वस्तू बाहेर राहिलेली असायची. ती त्याची नसायचीच, दुसऱ्या कोणाची तरी. तो इकडे बघायचा, तिकडे बघायचा. मग तीही आत घालायचा आणि चालू लागायचा."

"म्हणजे चोर होता," संकेत म्हणाला.

"गप रे!" श्रीरंग म्हणाला. चक्क चिडून म्हणाला.

पोळी निवत होती. विनिता हातात तुपाची वाटी धरून बसली होती. या माणसाला एवढं बोलता येतं, हे तिला नव्याने कळत होतं. कोणावर तरी त्याचा जीव होता, आणि ते जनावर म्हणावं की बाहुलं हेसुद्धा धड सांगता येत नव्हतं. तिला थोडा मत्सरही वाटला. मग लगेच, सवयीप्रमाणे, तिने हिशेब केला. ऑक्टोबरात श्रीरंगला पन्नास पूर्ण होणार होती. आजवर तिने त्याला घड्याळ दिलं, जाकीट दिलं, महाबळेश्वरला नेलं. एकदाही नेम लागला नव्हता. या वेळी तो काय बोलतो ते तिला बघायचं होतं. नुसतं मान डोलावणं नको होतं. हे माझं आहे, असं त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, एकदा तरी.

गाठोड्याचा केक करायचा आणि तो पॉलिन आंटीकडे सांगायचा, हे ठरलेलंच. सांडोरला केळीच्या वाडीत तिचं घर होतं आणि नाताळात तिच्या केकसाठी आधीपासून नंबर लावावे लागत. विनिता शाळेच्या ऑफिसात कारकून होती. पॉलिनच्या दोन नाती त्याच शाळेत, म्हणून ओळख. पॉलिनने ओट्यावरचं पीठ पुसलं, चष्मा लावला आणि विचारलं, "फोटो दे."

"फोटो नाही आंटी. मी सांगते."

"सांगून काय करू, बाय? सांगून मी देवदूत पण केला होता, लोकांना कोंबडी वाटली. बरं, रंग तरी सांग."

रंग! विनिताने श्रीरंगला सगळं विचारलं होतं, आडून आडून. गाठोड्याचे कान, त्याचे पाय, बूट डावा होता की उजवा. रंग विचारायचा राहिला होता. आता पुन्हा विचारलं असतं तर बिंग फुटलं असतं.

संकेतला कामाला लावलं. जुन्या कार्टूनांचे शौकीन असलेल्या कुठल्याशा ग्रुपवर त्याने बाबाने केलेलं वर्णन जसंच्या तसं टाकलं. आठवड्याने एका परक्या देशातल्या म्हाताऱ्याने उत्तर दिलं आणि सोबत फिल्म पाठवली. आईने आणि मुलाने स्वयंपाकघराचं दार लावून ती बघितली. किटली होती, घड्याळ होतं, एक बूट होता. प्राणी तपकिरी, पोट पांढरट, गाठोडं लाल ठिपक्यांचं.

"क्यूट आहे," संकेत म्हणाला. "पण एवढं काय त्यात?"

विनितालाही तोच प्रश्न पडला होता, पण तिने फोटो पॉलिनला पाठवून दिला. काम संपलं असं समजून तिने नणंदेला फोन केला. आशालता विरारला राहायची. तिला वाढदिवसाचं आमंत्रण द्यायचं होतं आणि पोटात गुपित मावत नव्हतं.

"तपकिरी?" आशाताई पलीकडून जवळजवळ ओरडल्याच. "कोणी सांगितलं तुला तपकिरी? निळा होता तो!"

"ताई, मी फिल्म बघितली."

"फिल्म गेली खड्ड्यात. डोकं निळं, पोट केशरी आणि पाय हिरवे. मी दर रविवारी बघायचे."

"असा प्राणी असतो का कुठे?"

"आमच्याकडे होता!" मग आशाताईंना स्वतःलाच हसू फुटलं. "अगं, आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. बाबांनी त्याच्यापुढे तो रंगीत प्लॅस्टिकचा कागद लावला होता. तेव्हा मिळायचा बघ बाजारात, वर निळा, मध्ये केशरी, खाली हिरवा. म्हणजे आभाळ, माणसं आणि गवत. बातम्या देणारीचं कपाळ निळं दिसायचं आमच्याकडे. शेजारची पोरं यायची रंगीत टीव्ही बघायला. आई त्यांना पाय धुवायला लावून आत घ्यायची."

फोन ठेवल्यावर विनिता बराच वेळ गॅससमोर उभी राहिली. खरा गाठोड्या तपकिरी होता, त्यात शंका नव्हती. तिच्याकडे पुरावा होता. पण पुरावा देऊन काय करायचं होतं? तपकिरी केक बघून श्रीरंग म्हणाला असता, हो का, असा होता का. आणि मुकाट्याने कापला असता.

तिने पॉलिनला फोन लावला.

"निळं डोकं?" पॉलिन म्हणाली. "फोटोत तर चांगला मातकट आहे."

"फोटो चुकीचा आहे, आंटी."

"आणि हे हिरवे पाय बरोबर? लोक म्हणतील पॉलिनला मोतीबिंदू झाला. खाली माझं नाव नको हां लिहू."

केक आला तो रविवारी संध्याकाळी. संकेत तो मांडीवर धरून रिक्षातून घेऊन आला. पॉलिनने कुरकुरत का होईना, जीव ओतला होता. गाठोड्या हिरव्या गवतावर बसलेला, डोकं आभाळासारखं निळं, पोट केशरी, पुढ्यात साखरेची किटली आणि साखरेचा बूट. आशाताईंनी झाकण उघडताक्षणी टाळ्या वाजवल्या. "हाच! अगदी हाच!"

श्रीरंग नवा शर्ट घालून टेबलापाशी आला. केक बघून थांबला. विनिता त्याच्या तोंडाकडे बघत होती. इतक्या वर्षांत तिने त्या तोंडाकडे इतकं टक लावून कधी बघितलं नसावं. तो खाली वाकला. चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून बघितलं. मग सरळ झाला आणि म्हणाला, "हा चुकलाय."

 विनिताच्या हातातली काडेपेटी तशीच राहिली.

"काय चुकलंय?" आशाताईंनी विचारलं.

"डोकं. डोकं निळं नव्हतं. केशरी होतं. फक्त कान निळे. आणि हिरवं पार कमरेपर्यंत."

"काहीतरीच काय! मी काय आंधळी होते?"

"तू कॉटवर बसायचीस, ताई. मी खाली जमिनीवर. टीव्ही कपाटावर होता. खालून बघितलं की काचेपुढचा तो प्लॅस्टिकचा कागद वर सरकल्यासारखा दिसायचा. निळं वर जायचं."

"मग कॉटवर यायचं होतंस!"

"जागा कुठे दिलीस तू?"

"अरे, मागितलीस का कधी?"

श्रीरंगचे कान लाल झाले होते. "नाही मागितली. आता सांगतोय ना. डोकं केशरी होतं. उडी मारली तरच निळं व्हायचं, आणि तो काय सारखा उड्या मारायचा नाही. इथे तो बसलाय. बसलेला असताना निळा असूच शकत नाही."

विनिताला आधी राग आला. पॉलिनच्या शिव्या खाल्ल्या, मुलाला कामाला लावलं, परदेशातल्या म्हाताऱ्याला वेठीला धरलं, आणि चोवीस वर्षांतली पहिली तक्रार निघाली ती क्रीमच्या रंगावरून. पण राग धड जमला नाही. समोरचा माणूस बहिणीशी भांडत होता. त्याचा आवाज चढला होता. त्याला एक गोष्ट हवी होती, ती नेमकी कशी हवी होती हे त्याला ठाऊक होतं, आणि दुसऱ्या कशावर त्याचं भागणार नव्हतं.

"मग कर ना दुरुस्त," ती म्हणाली.

तिला वाटलं, आता तो ओशाळेल. श्रीरंगने सुरी घेतली. पॉलिनने डोक्यावर घातलेलं निळं क्रीम त्याने हलक्या हाताने खरवडून काढलं, कान तेवढे राखले. पोटावरचं जाडसर केशरी क्रीम वर ओढून डोक्यावर पसरलं. गवताचं हिरवं उचलून गुडघ्यांच्या वर, कमरेपर्यंत आणलं. जीभ दातांत धरून तो ते करत होता. आशाताई "अरे, वाट लावलीस त्याची," असं म्हणत राहिल्या. संकेत व्हिडिओ काढत होता. गाठोड्याचं नाक गेलं, केक एका बाजूला दबला, सगळे रंग एकमेकांत मिसळून त्या प्राण्याला कावीळ झाल्यासारखं दिसू लागलं. पॉलिनने तो बघितला असता तर पुन्हा या घराची ऑर्डर घेतली नसती.

"आता," श्रीरंग मागे सरकून म्हणाला, "हा माझा."

कापताना त्याने डोक्याचा तुकडा कोणाला दिला नाही. तो स्वतःच्या बशीत घेतला आणि गॅलरीत जाऊन खाल्ला.

सोमवारी सकाळी विनिता डबा भरत होती. श्रीरंग पायात मोजे घालत बसला होता. स्कूटरची किल्ली टेबलावर होती. तिने झाकण लावायला घेतलं तेव्हा तो म्हणाला, "काय आहे?"

"दुधी."

त्याने दुसरा मोजा वर ओढला. "दुधी नको देऊ. मला आवडत नाही दुधी."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

चोवीस वर्षांत किती दुधी झाले असतील, हे विनिताने मोजायचं टाळलं. ओट्यावर अजून चार कामं पडली होती, तिची शाळेची वेळ होत आली होती, आणि भाजी, खरं सांगायचं तर, छान झाली होती. तिने ती कढईत परत ओतली. श्रीरंग उठला नाही. उशीर होतोय असंही म्हणाला नाही. वाट बघत बसून राहिला.

तिने फ्रिज उघडला. "अंडी करते. किती घालू?"

श्रीरंगने विचार केला.

"तीन," तो म्हणाला. "आणि कांदा बारीक चिर."