कराची ते सोलापूर, साडेसात तास

मंगळवारी भर दुपारी, आमच्या शुक्रवार पेठेत, माझी पाचावर धारण बसली. एरवी लोकांना घाबरवायचं काम माझं...

शेजारच्या नागव्वाचा एकुलता एक पोरगा शिवप्पा कराचीला असतो. तिथं विमानात टपालाच्या थैल्या चढवतो. दिवाळीपासून त्याचं पत्र नाही... म्हातारी रोज दारात बसून पोस्टमनची वाट बघायची.

मला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक. जुना नकाशा काढला (शाळा सुटली, शाळेचा नकाशा माझ्याकडंच राहिला!) आणि मागावरचा खळ दिलेला दोरा घेतला, कारण तो ताणला जात नाही. कराचीपासून सोलापूरपर्यंत सरळ धरला, नकाशाखालच्या मैलांच्या पट्टीवर मोजला... साडेसातशे मैल. विमान तासाला शंभर मैल पळतं असं ऐकलेलं. म्हणजे साडेसात तास!

नागव्वाला ऐटीत सांगितलं, "आव्वा, दर मंगळवारी सकाळी सहाला शिवप्पाचं विमान सुटतंय. दुपारी दीडला आपल्या माळवदावरनं मद्रासला जातंय की!" मंगळवार मी मनानंच ठरवला. सहाही मनानंच.

झालं... दर मंगळवारी म्हातारी माळवदावर. शिवप्पाचं धोतर निशाणासारखं काठीला बांधून उन्हात उभी, आणि दीड वाजून जाईपर्यंत पाण्याचा घोट नाही.

दोन मंगळवार आम्ही पोरं खाली तोंड दाबून हसलो. तिसऱ्याला ती चक्कर येऊन पडली. माझं हसू तिथंच आटलं.

शाळेतल्या मास्तरांना गाठून दोऱ्याचं सांगितलं, तर ते म्हणाले, "गाढवा, आभाळात काय दोरा बांधलाय होय? विमान मुंबईला मुक्काम करतं. मद्रासला जातं ते पार मिरजेकडनं. सोलापूरवर येतच नाही!"

म्हणून परवाच्या मंगळवारी वर गेलो. म्हटलं, "आव्वा, मी खोटं बोललो. हितनं कुठलंच विमान जात न्हाय. खाली चल, मरशील उन्हात."

तिनं मान वळवली नाही. "म्हाईत हाय मला. तू कवा खरं बोललास, वानरा?"

"मग हितं कशाला उभी ऱ्हातीस?"

"गप. वेळ झाली."

गिरणीचा दीडचा भोंगा झाला, थांबला... आणि त्याच्यामागनं घरघर सुरू झाली. गल्लीतली कबुतरं एकदम उठली. कुत्री गप्प. मी वर बघितलं... आभाळ कोरं. ढग नाही, घारसुद्धा नाही.

तेवढ्यात सावली आली. दोन लांब पंखांची... कठड्यावरनं उतरली, धोतरावरनं सरकली, माझ्या अनवाणी पायांवरनं गेली. माळवद तव्यासारखं तापलेलं, पण ती गेली तिथं पाय गार पडले. मग घरघर दक्षिणेकडं विरत गेली...

नागव्वानं पदरानं तोंड पुसलं. "आज लई खाली आला," म्हणाली, आणि पाणी मागितलं.

पत्र अजून आलेलं नाही. मी मात्र पुढच्या मंगळवारपासून तिच्या डोक्यावर छत्री धरायचं कबूल केलंय. आणि पाणी दीडच्या आधी प्यायचं, एवढं तिनं माझं ऐकलंय. माझ्यासारख्या खोटारड्याचं ऐकलं, हे तिचे उपकार...

वर ती बघेल. मी नाही बघणार.