दुसऱ्या दोराचा माणूस

सून सासऱ्यांना घेऊन कालव्याच्या कडेच्या वाटेने घराकडे निघाली होती. आपली दोराची पिशवी कधी कुणाच्या हाती न देणाऱ्या त्या माणसाने आज ती आपणहून सुनेकडे दिली होती.

दुपारी नवऱ्याचा फोन आला होता. "बाबा गाडीत बसायला तयार नाहीत, पायीच निघालेत. तू पुढे जाऊन गाठ त्यांना." मग आवाज बारीक करून म्हणाला, "आज ते उगाच झाडावर चढले गं. मी वरून 'ठीक, ठीक' म्हणून ओरडतोय, तरी चढले. सगळे हसले."

नवरा झाडं छाटायचा. दोराने वर जायचं, कमरेच्या पट्ट्यावर लटकायचं आणि मशीनच्या करवतीने फांद्या उतरवायच्या. सासरे त्याच्या झाडाखाली उभे राहायचे. तेच त्यांचं काम. वर कुणाला करवत लागली, कुणाची शुद्ध हरपली, तर दुसऱ्याने लगोलग चढून त्याला खाली आणायचं. बाहेरून मदत येईपर्यंत थांबलं तर पट्ट्यात लोंबकळणारा माणूस हातचा जातो. म्हणून सासऱ्यांच्या अंगावर दिवसभर पट्टा, डोक्यावर हेल्मेट, आणि त्यांच्यासाठी झाडावर दुसरा दोर आधीच सोडलेला. गाडीचं तोंड रस्त्याकडे, किल्ली गाडीतच. काम सुरू करण्याआधी प्रत्येकाकडून त्या जागेचा पत्ता वदवून घ्यायचे. घाबरलेल्या माणसाला फोनवर पत्ता आठवत नाही, म्हणायचे.

बघणाऱ्याला वाटे, म्हातारा उभ्या उभ्या पगार खातोय. एका बंगल्याच्या मालकिणीने विचारलंच होतं, "आजोबा, तुम्ही काय करता?"

"काही करायची वेळ येऊ नये म्हणून उभा आहे, बाई."

सून नवी नवी घरात आली तेव्हा मागच्या खोलीत सासऱ्यांची जुनी पँट घातलेला एक माणूस भिंतीला टेकून बसला होता. त्याला डोकं नव्हतं! ती जी किंचाळली, तशा सासूबाई हात पुसत धावत आल्या. "अगं, घाबरू नकोस. ते आमचे जावईबापू." वाळू भरलेला तो माणूस सरावाचा. अधूनमधून त्याला झाडावर टांगायचं आणि जखमी समजून अलगद उतरवायचं. बारसं सासऱ्यांनीच केलेलं. "वजनाला भारी, कामाला शून्य, आणि जरा धक्का लागला की रुसायचे!" घरात लेक नव्हती, त्यामुळे या नावावर रुसायला खरा जावईही नव्हता.

त्या दिवसांत ती दुपारचा डबा घेऊन कामावर जायची. कुठल्याशा बागेतल्या बाकावर बसून राहायची. करवत थांबली की खालून सासरे विचारायचे, "ठीक?" वरून नवरा म्हणायचा, "ठीक!" पुन्हा करवत. पुन्हा तेच. भुसा अंगावर उडायचा, ओल्या लाकडाचा वास यायचा, आणि ते दोन आवाज ऐकत तिला बसल्या जागी डुलकी लागायची. इतकं निर्धास्त तिला पुढे कधी वाटलं नाही. एकदा तिने विचारलं होतं, "बाबा, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वर देव, खाली मी. मधल्याचं काय बिघडतंय?"

तेव्हापासून ती हात जोडायची तेव्हा नवऱ्याआधी सासऱ्यांसाठी मागायची. देवाला कुठे गुडघेदुखी होते?

पुढे बुटक्याचा दंड करवतीने फाडला. बुटक्या म्हणजे त्यांच्यातला सहा फुटी गडी. त्याला मिठीत धरून, जखम दाबून, सासरे दोराने खाली आले ते त्याच्या सात पिढ्या उद्धारत. शुद्ध राहावी म्हणून शिव्या. बुटक्या अजून सांगतो, "मरायची सोय नव्हती हो वहिनी, यांना उत्तर कोण देणार?"

आता कालव्याच्या वाटेवर मागून सायकलची घंटी वाजली. पुन्हा वाजली. सून बाजूला झाली. सासरे मधोमध चालतच राहिले. तिने दंड धरून ओढलं तेव्हा ते दचकले, आणि सायकलवाला पुटपुटत पुढे गेला.

"बाबा, घंटी ऐकू नाही आली?"

सासरे तिच्या ओठांकडे बघत होते. किती दिवस असे बघत असतील, तिच्या मनात आलं.

"करवतीने खाल्ले कान," ते म्हणाले. "वाटत होतं, येतंय तेवढं पुरतंय. आज विचारलं, ठीक? उत्तर नाही. परत विचारलं. नाही. मग मी कशाला थांबतोय? चढलो. समोर गेलो तर हा हसतोय, तोंड हलतंय. तेव्हा कळलं, हा केव्हाचा ओरडतोय."

"मग सांगायचं ना त्यांना! ते समजतायत तुम्ही घाबरलात."

"समजू दे." ते पुन्हा चालू लागले. "आज तो ठीक होता आणि मी चढलो. हसले लोक, संपलं. उद्या तो खरंच हाक मारेल आणि मी उभाच राहीन."

सुनेला पाण्यावरची झाडांची सावली बघवेना. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. "मग खाली कोण उभं राहणार?"

"बुटक्या. माझ्यापेक्षा झटपट उतरवतो. शिकवलंय मीच. पण त्याच्या हाती माझं पोर द्यायला जीव धजत नाही गं."

घर दिसू लागलं तसे ते थांबले. तिच्या हातातली पिशवी त्यांनी परत मागितली नाही.

"सूनबाई, एक कर. आज मला सगळं पटतंय. सकाळी पटणार नाही. तयार होऊन दारात येईन, म्हणेन, कान आज बरे आहेत. तुझ्या नवऱ्याची माझ्यापुढे मान वर होत नाही. तू दारात उभी राहा. रागावेन, नाही नाही ते बोलेन. काहीही बोललो तरी मला बाहेर सोडू नकोस."