नर्सबाईंचं वांगं

समजावून सांगून झालं की आमच्या नर्सबाई पदर खोचून स्टुलावर बसायच्या आणि समोरच्या बाईला म्हणायच्या, “आता मी येडी. मले काही समजत नाही. तू सांग.” मग ती बाई सांगायची. चुकली तरी नर्सबाई तिच्यावर कधी रागावल्या नाहीत, स्वतःवरच वैतागायच्या. “माह्यंच सांगनं बोंबललं,” म्हणायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एक गोळी द्यायला अर्धा घंटा! बाहेर रांगेत ताटकळणाऱ्या माझ्यासारख्याचं डोकं किती तापत असेल, तुम्हीच सांगा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी शेलूबाजारच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर, त्यामुळे दवाखान्याच्या पाट्या आणि चित्रं माझ्याच गळ्यात पडायची. एकदा गावात तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर ठरलं. डॉक्टर अकोल्याहून येणार होते. आमच्याकडे तंबाखू बाया-माणसं सगळेच खायचे, गालात गोळी धरूनच निंदण-खुरपण चालायचं. शिबिराचं पत्रक वरून छापून आलं. बाईंनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. “मुखामध्ये वेदनारहित, दीर्घकालीन व्रण अथवा श्वेत चट्टा आढळल्यास त्वरित वैद्यकीय परीक्षण करवून घ्यावे.”

समोर एक म्हातारी बसली होती. बाई तिला म्हणाल्या, “आता मी येडी. तू सांग.”

म्हातारीनं जरा विचार केला. “सरकारनं कायतरी बंद केलं वाट्टे.”

मला हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत. “मास्तर, या बाया दुखल्याबिगर दवाखान्यात येत नाहीत. अन् हे तर सुरुवातीले दुखतच नाही. दुखाले लागल्यावर मंग हातात काय राह्यते?” त्यांची थोरली बहीण अशीच उशीर होऊन गेली होती, हे मला ठाऊक होतं.

पुढच्या बाजाराला त्यांनी मला ओढतच वांग्यांच्या दुकानांपुढे नेलं. बाया एकेक वांगं उलटसुलट फिरवून, किडीचं भोक नाही ना, हे बघून टोपलीतून घेत होत्या. “पाहा मास्तर! वांगं इतकं पाहून घेतात, मंग सोताचं तोंड काहून नाही? काढा वांगं!”

मी काढलं. आणि काय काढलं म्हणता! जांभळं, चकचकीत, देठाखाली बारीकसं भोक. बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच झाडाचं तोडून आणलंय. खाली ठळक अक्षरांत ‘कॅन्सर वेळीच ओळखा’. पुढच्या आठवड्यात सकाळीच फळा बाजाराच्या तोंडाशी लावला आणि स्वतःवरच खूश होऊन घरी गेलो.

त्या दिवशी शेलूबाजारात एक वांगं खपलं नाही. वांगं खाल्लं की कॅन्सर होतो, असा गावानं सरळ अर्थ लावला होता!

दुपारी वांगेवाली कौसाबाई भरलेली टोपली घेऊन दवाखान्यात हजर. “काय वं नर्सबाई, माह्या वांग्यानं तुहं काय वाकडं केलं?” तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. मी हळूहळू दाराकडे सरकत होतो. बाई मात्र तिच्या तोंडाकडेच टक लावून पाहत होत्या.

“भांडन मंग कर, कौसाबाई. आंधी आ कर.”

बाईंनी बॅटरी मारली. गालाच्या आत, जिथं ती तंबाखूची गोळी धरायची तिथं, पांढरा चट्टा होता.

“दुखते काय? शिबिरात डाक्टरले दाखव.”

“नाही. मंग डाक्टरले दाखवू कायले?”

बाईंनी टोपलीत हात घालून नेमकं भोकाचं वांगं शोधलं, पदर खोचला आणि स्टुलावर बसल्या. “आता मी येडी. हे वांगं मले चांगलं दिसून राह्यलं. घेऊ?”

“येडी नाही त काय! भोक दिसत नाही तुले? वरून एवढंसंच हाये, आत अळी पोखरून राह्यली. आज चिरशीन त तेवढं काढून बाकीचं कामी येईन. तसंच ठेवून देशीन त...”

कौसाबाई थांबली. तिचा हात गालाकडे गेला. मग हळूच म्हणाली, “कधी येनार हायेत तुहे डाक्टर?”

दुसरा फळा मी बाईंच्या धाकात रंगवला. कौसाबाईच्या एका हातात वांगं, दुसऱ्या हातात आरसा, आणि आरशात बघत तिनं केलेला मोठा आ. खाली लिहिलं, ‘वांगं उलटून पाहता, तोंड उघडून पाहा. पांढरा डाग किंवा न भरणारा फोड दिसला, तर दुखत नसला तरी दाखवा.’ रस्त्यानं जो दिसेल त्याला थांबवून बाई विचारायच्या, “आता मी येडी, सांग.” कुणी अडखळलं की मला पुसून नव्यानं लिहायला लावायच्या. मी एकदा ब्रश फेकून घरी निघून आलो, तर त्या तोच ब्रश घेऊन माझ्या दारात उभ्या!

शिबिराच्या दिवशी रांग पार सडकेपर्यंत गेली. ज्या बाया नर्सबाईंच्या जयभीमला उत्तर देत नसत, त्यांच्या हातचं पाणी पीत नसत, त्याही त्यांच्यापुढे आ करून उभ्या होत्या. अभिमानानं माझा ऊर भरून आला. कौसाबाईला डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. रोग अगदी सुरुवातीला सापडला होता, छोट्या ऑपरेशनवर भागलं. तंबाखू सुटली आणि ती पुन्हा बाजारात बसली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं ओरडत. वांगं हातात उलटं करून दाखवायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, “हे पाह्यलं? आता घरी जाऊन तोंड पाह्य!”

बाई आता नाहीत. मला त्या आठवतात त्या बदली होऊन निघाल्या त्या दिवशीच्या. एसटी सुटायला आली होती. कौसाबाई डोक्यावर टोपली घेऊन धावत आली. बाजारात कितीही ओरडली, तरी चार पुरुष दिसले की तोंडापुढे पदर धरणारी बाई ती. खिडकीखाली उभी राहिली, टोपली खाली ठेवली, पदर मागे सारला आणि भर स्टँडवर हा एवढा आ केला.

“पाह्य, बाई. नीट पाह्य.”

बाईंनी पिशवीतून बॅटरी काढली. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून थांबला. खिडकीतून वाकून बाईंनी एक गाल पाहिला, दुसरा पाहिला, जीभ वर करायला लावली.

“साफ!” त्या ओरडल्या. सगळ्या स्टँडला ऐकू गेलं.

घंटी वाजली. कौसाबाईनं ओंजळभर वांगी खिडकीतून आत टाकली. गाडी हलली, आणि डोळे पुसता पुसता बाई पहिलंच वांगं उलटून पाहू लागल्या.