वसुबारशीचा गोचीड

जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ गोचीड आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि ते नेमके माझ्या बायकोचे काका निघाले. शिवाय राहतात ठाकुर्लीतल्या आमच्याच बिल्डिंगमध्ये, त्यामुळे सुटका नाही.

काका जन्मभर जनावरांचे डॉक्टर. गायी, म्हशी, शेळ्या, हरणं, जे जे रवंथ करतं ते सगळं त्यांच्या जिव्हाळ्याचं. माणसं रवंथ करत नाहीत, हा त्यांच्या मते माणसांतला दोषच. लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदा वाकून नमस्कार केला, तेव्हा आशीर्वाद द्यायच्या आधी त्यांनी माझ्या कानामागे बोट फिरवलं आणि सासूबाईंना सांगितलं, "स्वच्छ आहे." मेहुणीला बघायला आलेल्या मुलाची तर कांदेपोहे यायच्या आत खालची पापणी ओढून त्यांनी आतला रंग पाहिला. "फिकट आहे. रक्त कमी," म्हणाले. ती मंडळी गेली ती गेलीच. येऊरच्या जंगलात एकदा आम्हाला चितळ दिसलं. सगळे श्वास रोखून उभे. हरणाचे डोळे बघून लोकांना काय काय सुचतं, काका मात्र दुर्बिणीतून हळहळले, "कान बघा त्याचे, जावईबापू! नुसते लगडलेत!"

मग व्याख्यान. गोचीड नुसता रक्त पीत नाही, पिता पिता रक्तात जंतू सोडतो, ते जंतू तांबड्या पेशींत ठाण मांडतात, जनावराला ताप भरतो, चारा सुटतो, ते पांढरंफटक पडतं. हे सगळं ते जेवताना सांगतात, आणि तेही ताटात बिटाची कोशिंबीर असताना. ऐकणाऱ्याला नीट कळावं म्हणून खिशात एरंडीच्या बिया असतात. "रक्त पिऊन फुगलेला गोचीड हुबेहूब असा दिसतो," म्हणत एक बी तळहातावर ठेवतात. आमच्या बिल्डिंगमध्ये ती बी नसलेलं घर नाही. मानपाड्याच्या गायवाल्या मावशी तर त्यांनी दिलेली बी पदराच्या गाठीत बांधून हिंडतात.

या मावशींच्या शेतावर आता टॉवर उभे आहेत, पण गाय काही त्यांनी सोडली नाही. नातवाच्या लांबलचक गाडीशेजारी पार्किंगमध्ये ती बांधलेली असते. एकदा ती तापाने बसली होती. दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला. शेवटी काकांनी तिचा कान उलटा केला, रक्त तपासून घेतलं, इंजेक्शनं दिली, आणि गाय उठली. तेव्हापासून वसुबारशीला मावशी गाय-वासरू आमच्या सोसायटीत पूजेला आणतात, ते एका अटीवर: आधी डाक्टर बघणार, मग हळदकुंकू. दिवसभर उपाशी असलेल्या बायका निरांजनं घेऊन ताटकळतात आणि काका गायीच्या कानात डोकं घालून असतात. सापडलेला गोचीड उंच धरून दाखवल्याशिवाय पूजा सुरू होत नाही. एका वर्षी तो चिमट्यातून निसटून थेट नैवेद्याच्या गवारीच्या भाजीत पडला. "शोधा, शोधा, जिवंत आहे!" काका ओरडले. त्या वर्षी सोसायटीत कुणीच गवार खाल्ली नाही.

यंदा मात्र काकांचे डोळे गेल्यातच जमा आहेत. ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. माणसं आवाजावरून ओळखतात. वसुबारशीच्या सकाळी मला म्हणाले, "जावईबापू, आज एकही सापडला नाही, तर पुढच्या वर्षीपासून मी खाली उतरणार नाही. बायकांना उगाच उपाशी कशाला ठेवायचं?" हसतच म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी गायीचा एक कान चाचपला. मग दुसरा. मग गळा, कास, शेपटीचं मूळ. काही नाही. असणार कुठून? त्यांनीच शिकवल्याप्रमाणे मावशी तिला रोज घासूनपुसून लख्ख ठेवतात. घाई करायला एरवी टपलेल्या बायकासुद्धा "सावकाश बघा" म्हणाल्या. काकांचा हात गायीच्या पाठीवर तसाच थांबला.

तेवढ्यात मावशी पुढे झाल्या. "डाक्टर, नीट बगा ना. ह्या कानाचे मागं हाय एक, चांगला मोटा," असं म्हणत त्यांनी काकांचा हात धरून पुन्हा कानामागे नेला आणि पदराची गाठ सोडून काहीतरी त्यांच्या चिमटीत सरकवलं. मी शेजारीच होतो. ती एरंडीची बी होती, इतक्या वर्षांत हाताळून गुळगुळीत झालेली.

काकांनी ती दोन बोटांत फिरवली. जन्मभर गोचीड काढलेली बोटं ती, फसणं शक्यच नव्हतं. मग हात उंच करून गरजले, "सापडला!" बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि निरांजनं पेटली. मला मात्र समोरचं नीट दिसेना.

जिना चढताना मी त्यांचा हात धरला होता. सापडलेला गोचीड ते नेहमी रॉकेलच्या बाटलीत टाकतात. ही बी त्यांनी खिशात ठेवली होती.

"जावईबापू, गाय ठणठणीत आहे," ते हळूच म्हणाले. "पण मी ओळखलं हे मावशींना सांगू नका हं. नाहीतर पुढच्या वर्षी मला बोलवायच्या नाहीत."