चौथ्या स्टेजनंतर

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा बाबांच्या डाव्या हाताचं प्लास्टर निघालेलं होतं. पोळ्यानंतर मोटारसायकल घसरून त्यांचं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण बोटं नीट वळत नव्हती. डॉक्टरांनी दाबायला रबराचा चेंडू दिला होता. "मी काय लहान पोट्टा आहो?" म्हणून बाबांनी तो कपाटावर टाकून दिला होता.

भारी, म्हणजे उशिरा येणाऱ्या धानाचं पीक पिवळं पडत आलं होतं, आणि काळजी त्याचीच होती. कापताना विळा उजव्या हातात असतो, पण धानाची मूठ डाव्या हातानं धरावी लागते. आमच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, ओल राहते, हार्वेस्टर उतरत नाही. एकदा अंगणात बाबा एकटेच खराट्याची मूठ धरून बघत होते. खराटा हातातून सुटला, तेव्हा त्यांनी कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. मी आत सरकले.

कपाट आवरताना आमचा जुना व्हिडिओ गेम सापडला. मामांनी नागपूरहून आणलेला, वापरलेला, जाडजूड, चार सेलवर चालणारा. त्यात एकच कॅसेट. एक मोठा वानर एका पोरीला वर पळवून नेतो आणि तिथून पिंपं गडगडत सोडतो. आपल्या छोट्या माणसानं उड्या मारत, शिड्या चढत तिच्यापर्यंत पोचायचं. बाबा तरुणपणी गोंदियाला राइस मिलमध्ये कामाला होते, तेव्हा हाच खेळ ते बाजारातल्या मोठ्या मशीनवर खेळायचे. तिथं चार स्टेज झाल्या की वानर खाली आपटायचा आणि खेळ पुन्हा पहिलीपासून सुरू व्हायचा. म्हणून घरीही तेच. वानर पडला की बाबा "खतम!" म्हणायचे आणि लगेच बटण सरकवून गेम बंद करायचे. सेल वाचायला हवेत ना. माझं लहानपण त्या चार स्टेजमध्येच गेलं.

नवे सेल घातले, तर हिरवट पडदा सुरू झाला. खरं सांगायचं तर माझ्या मनात हाताच्या व्यायामाचाच विचार होता, पण तसं म्हणायचा धीर झाला नाही. "बाबा, मला दुसरी स्टेज जमून नाही राहिली," एवढंच म्हटलं. तेही खोटं नव्हतं.

"आण इकडं. कॉलेजात काय शिकून राहिली तं?"

पण बाबांचा डावा अंगठा बाणाच्या बटणावर अडकायचा. माणूस शिडीपाशी नुसता उभा राहायचा आणि पिंप येऊन त्याला उडवायचं. आई ओसरीतच तांदूळ पाखडत होती.

"अजी, तो वानर तुमाले पाहून हासून राहिला."

"हासू दे. उद्या पाहतो त्याले."

मग रोज जेवण झाल्यावर बाबा स्वतःच गेम मागू लागले. अंगठा दुखला की थांबायचे, हात झटकायचे, परत धरायचे. असं करता करता एका दुपारी चौथी स्टेज पार झाली. वानर डोक्यावर आपटला.

"खतम!" बाबा म्हणाले आणि डाव्या बोटानं वरचं बटण सरकवू लागले. बटण धुळीनं घट्ट झालेलं, बोटात जोर नाही. ते सरकेना. तेवढ्यात पडद्यावर वानर उठला, त्यानं पोरीला उचललं आणि तो पळाला. मागोमाग वेगळंच गाव आलं. उंच घरं, एक बंद दार, आणि लांब कुठेतरी पडलेली किल्ली.

"अवो, हा तं मेलाच नाही!"

"पुढं आहे वाटते, बाबा."

"मंग इतके वर्ष आपण काऊन बंद करून राहिलो होतो?"

"सेल वाचवून राहिले होते," आई सुपावरून मान न उचलता म्हणाली.

त्यांना जमत नव्हतं म्हणून मी बटणाकडे हात नेला, तर बाबांनी गेम बाजूला घेतला. "कायले बंद करतेस? थांब. ते किल्ली घेऊन दारापाशी न्यायची असंल."

त्यानंतर त्यांना काही सांगावं लागलं नाही. सकाळच्या चहानंतरही ते खेळू लागले. डॉक्टरांनी व्यायामाचं विचारलं तेव्हा नुसतं "करून राहिलो" म्हणाले.

कापणी लागली तो माझ्या सुट्टीचा शेवटचा दिवस होता. बाबा विळा घेऊन आमच्यासोबत बांधीत उतरले. आईनं अडवलं नाही. पहिली मूठ धरली, पण विळा लागायच्या आत निम्मा धान बोटांतून सुटला. मग त्यांनी अगदी थोड्या काड्या धरल्या आणि कापल्या. कापलेला धान नीट खाली ठेवला. परत थोड्या धरल्या. आई आपली पात, म्हणजे कापायचा पट्टा, धरून केव्हाच पुढं निघून गेली होती. तिथून तिनं आवाज दिला, "अजी, बस झालं आज. सावलीत बसा."

"एवढी पात होऊ दे."

मी त्यांच्या शेजारची पात घेतली होती आणि मुद्दाम हळू कापत होते. त्यांच्या ते लक्षात आलं असावं.

"तू काऊन मागं राहून राहिली? हात तं बरे आहेत ना तुझे? चाल समोर."

मी समोर गेले.