‘बघू’ न चालणाऱ्या मॅडम

करंदीकर मॅडमसमोर ‘बघू’ म्हणायची सोय नव्हती. सुतार असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो, नाहीतर त्यांचा सख्खा भाऊ. कुणी ‘बघू’ म्हटलं रे म्हटलं की चष्मा कपाळावर चढायचा. “बघू म्हणजे नाही. मग सरळ नाही म्हण की! जीभ झिजते का?” लॉ कॉलेजात असताना एकदा मीही सापडले होते. असाइनमेंट कधी देणार, असं त्यांनी विचारलं आणि मी म्हणाले, “बघते, मॅडम.” अख्ख्या वर्गासमोर माझी अशी काही हजेरी घेतली की विचारू नका.

निवृत्तीनंतर दिल्लीच्या एका आयोगावर त्यांना अर्धवेळ सदस्य म्हणून घेतलं. देशातले जुने कायदे तपासायचे, कुठला सुधारावा आणि कुठला काढूनच टाकावा ते कुणाची भीडभाड न ठेवता सरकारला लिहून द्यायचं, हे त्या आयोगाचं काम. पुढचं संसदेच्या हातात. इंदिरानगरातल्या शेजाऱ्यांना वाटे, मॅडम आता कायदेच करतात. “मॅडम, तेवढं इन्कम टॅक्सचं काहीतरी करा ना!” कुणीतरी जिन्यात अडवायचंच. “मी फक्त सांगते हो, ऐकणारे वेगळे आहेत,” म्हणत त्या पिशवी सावरत वर जायच्या. मी तेव्हा नाशिकच्या कोर्टात नवीनच वकिली करत होते. संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन मसुदे वाचून दाखवायचे.

एक कलम वाचून झालं की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा. “हे कुणाच्या अंगावर पडतं? आणि त्याला कुणी विचारलंय का?” आयोग जाहीरपणे सूचना मागवतो, पण उत्तरं येतात ती वकिलांची, संघटनांची, प्राध्यापकांची. “ज्याच्या अंगावर पडतं तो बिचारा ईमेल करत बसत नाही गं,” त्या म्हणायच्या. मग त्या स्वतः शोधत निघायच्या, स्वतःच्या पैशानं, गुडघे दुखत असताना.

नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग असेल तर घटस्फोट मिळेल, असं तेव्हा विवाहाच्या कायद्यात होतं. रोग गोळ्यांनी बरा होऊ लागला त्यालाही जमाना झाला, पण कलम होतं तिथेच होतं. ते कलम आयोगापुढे आलं आणि आम्ही नाशिकजवळ मखमलाबादला सोनाबाई नावाच्या बाईकडे गेलो. भावाच्या मळ्यात ती झेंडू तोडत होती. रोग कधीच बरा झालेला, दोन बोटं तेवढी वाकडी राहिलेली. तिचा नवरा एकलहऱ्याला राहायचा. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याच कलमाखाली त्यानं तिला सोडलं होतं आणि तेव्हा लहान असलेला मुलगा ठेवून घेतला होता. मॅडम बांधावर फतकल मारून बसल्या आणि सोनाबाई तासभर बोलली. शेवटी तिनं विचारलं, “ताई, सासू म्हणती कोर्टाचा कागद हाय, आम्ही काय करणार. मंग हा कायदाच गेला, तर तो कागद बी जाईल ना? मला पोराकडं जाता येईल ना?”

मॅडमना उत्तर ठाऊक होतं. मलाही होतं. कायदा बदलला तर पुढच्यांसाठी बदलतो, झालेले निकाल मागे फिरत नाहीत.

“बघू,” मॅडम म्हणाल्या.

रिक्षात मी त्यांच्याकडे बघतच राहिले. “मॅडम, तुम्ही? बघू?”

“तिचा चेहरा पाहिलास ना?” त्या म्हणाल्या. पुन्हा जाऊन खरं सांगू, असं दोन-तीनदा ठरलं, पण जाणं काही झालं नाही.

अहवाल गेला. त्यांची मुदत संपली, आयोगावर दुसरी माणसं आली आणि मॅडम रोज पेपरात तेवढंच शोधत राहिल्या. अखेर एकदाचं ते कलम उडालं. मी पेढे घेऊन धावतच गेले. मॅडमनी पेढ्याला हात लावला नाही. “चल मखमलाबादला,” म्हणाल्या.

सोनाबाईला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. आम्हाला पाहताच तिनं हातातली फुलं टोपलीत टाकली आणि पदर सारखा केला. काय तो चेहरा! “मंग ताई, कवा जायचं? पुढल्या महिन्यात पोराची हळद हाय. म्या लुगडं बी घेऊन ठेवलंय.”

मॅडमनी सांगितलं, उभ्या उभ्या, एकही शब्द न लपवता.

सोनाबाई रडली नाही, ओरडलीही नाही. “तवाच सांगायचं ना, ताई,” म्हणाली. “म्या एवढी वाट नसती पाहिली.” आणि पुन्हा फुलं तोडायला वळली. तिच्याविना पोराची हळद झाली, लग्नही झालं.

त्यानंतर मॅडम कुणाला रागावल्या नाहीत. दारात सुतार ‘बघू’ म्हणाला तरी “बरं” म्हणायच्या. मला ते बघवत नसे. त्यांच्यामुळे किती बायका वाचल्या असतील, हे मी परोपरीनं सांगायचे. “असतील,” त्या म्हणायच्या. “पण त्या कलमासाठी मी जाऊन विचारलं होतं ते तिला एकटीला.”

गेल्या हिवाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या. दवाखान्यात आम्ही सगळे छान छान बोलायचो. पुढच्या आठवड्यात घरी, मग नीट आराम. सोनाबाईच्या भावाला मी कळवलं होतं, पण ती येईल असं मला अजिबात वाटलं नव्हतं. आली. दारात डॉक्टरांना तिनं विचारलं, “ताई बऱ्या व्हतील का?”

“बघू, आजी,” डॉक्टर म्हणाले आणि पुढे गेले.

सोनाबाई आत जाऊन खाटेशी बसली, मॅडमचा हात हातात घेतला आणि वाकून म्हणाली, “ताई, डाक्टर नाय म्हनतोय. हे सगळे तुमास्नी सांगनार नाय, म्हनून म्या सांगती.”

मी संतापून पुढे झाले, तर मॅडमनी दुसऱ्या हातानं मला थांबवलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा निवळलेला दिसला.

“बरं केलंस, सोनाबाई,” त्या म्हणाल्या, आणि तो वाकड्या बोटांचा हात त्यांनी संध्याकाळपर्यंत सोडला नाही.