आठवी काडी

आमच्या मत्स्यसंग्रहातले ते ज्येष्ठ गृहस्थ शनिवार पेठेतून सायकलवर यायचे आणि दुसऱ्याच्या मोजणीवर कधी विश्वास ठेवायचे नाहीत. "अंदाज घरी ठेवून येत चला," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. खोल समुद्रातले, उंदरासारख्या निमुळत्या शेपटीचे मासे ही त्यांची मिरास. पोटाखालच्या परातल्या, म्हणजे पोहायच्या पंखातल्या, काड्या मोजून ते प्रजाती ठरवायचे.

स्पिरिटमध्ये जपलेल्या अशाच एका माशाच्या बाटलीतल्या चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात 'सात काड्या' लिहिलं होतं. मला आठ दिसल्या. तीनदा मोजल्या, तरी आठच. त्यांना जाऊन सांगितलं.

चष्मा कपाळावर सारून ते भिंगावर वाकले. कातडीखाली दडलेली बारीक काडी त्यांनी सुईनं अलगद उचलली. मग स्वतः पहिल्यापासून मोजल्या.

"ह्या साताच्या जोरावर मी नवी प्रजाती छापून आणली होती," ते म्हणाले.

घाईघाईनं मी जुनी चिठ्ठी काढायला चिमटा उचलला.

"अहो, जुनी चिठ्ठी बाटलीतून काढत नाहीत. एवढंही शिकवलं नाही कोणी?"

त्यांनी नव्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं 'आठ काड्या' लिहून मोजणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं. मग बाटलीत स्वतःची जुनी, साताची चिठ्ठी आतून काचेला लावून ठेवली, बाहेरून सहज वाचता येईल अशी.